मिटल्या डोळ्यांपुढचा चेहरा

दमयंती मासे घेऊन थिबा पॅलेसच्या रस्त्याला लागली की तिची गिऱ्हाइकं आधीच खिडकीत येऊन उभी राहायची. हाक मारली नाही, तर ही बाई दारावरून सरळ पुढं निघून जायची. डोक्यावर पाटी, पाटीत बांगडे नाहीतर मांदेली, आणि डोळे कुठंतरी लांब, जिथं समुद्र आणि आभाळ एकाच राखी रंगाचे होऊन जातात तिथं. "अगो दमयंती, आज आमच्याकडं नाय का थांबायचं?" असं कुणी म्हटलं की ती दचकायची, मागं वळायची आणि ओशाळं हसत पाटी उतरवायची.

ही तंद्री तिला लहानपणापासूनची. गुहागरच्या किनाऱ्यावर वाढलेली पोर. भरतीकडं बघत बसली की पाणी पायाला लागून वर चढलेलं तिला कळायचं नाही, आई येऊन बखोट धरून ओढायची. लग्न होऊन रत्नागिरीत मांडवीला आली तरी ते गेलं नाही. नवरा गुणाजी मुंबईच्या बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगवर खलाशी, शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा. तो शेजाऱ्यांना सांगायचा, "माझी बायको अर्धी हितं असते. उरलेली अर्धी कुठं असते ते तिलाच म्हायत."

त्यांना एक मुलगी झाली होती, पण ती रडलीच नाही. दाईनं गुंडाळून बाजूला ठेवली आणि दिवा मोठा केला, एवढंच दमयंतीला आठवत होतं. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. बायका आल्या, कुणी नवस सांगितला, कुणी दृष्ट काढली, कुणी नुसतं रडून गेलं. गुणाजीची सुट्टी संपली आणि तो गेला. मग एक दिवस तिच्याकडून मासे घेणारी एक वयस्क बाई पायरीवर येऊन बसली. तुळसा तिचं नाव, पण सगळे तिला पाळकीणबाई म्हणत, कारण तिचा नवरा शांतवन भाट्याकडच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक होता. पाळकीणबाईनं काही विचारलं नाही. समोरच्या परातीतली कोलंबी जवळ ओढली आणि सोलायला लागली. संपली तेव्हा हात धुऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. असं किती दिवस चाललं कोण जाणे, पण एका सकाळी दमयंतीच म्हणाली, "उद्या कोलंबी नाय मिळणार. होड्या नाय गेल्या." पाळकीणबाई म्हणाली, "मग नुसतीच बसेन."

पुढं दमयंती रविवारी त्यांच्याबरोबर जायला लागली. गुणाजीनं फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "बरं वाटतंय ना तुला? मग जा." घरातले देव देव्हाऱ्यातच राहिले, गणपती आला की तो मखर बांधायचा आणि ती मोदक वळायची. या गोष्टीवरून दोघांचं कधी वाजलं नाही.

मंडळी भरायची ती खाडीकाठच्या एका शेडमध्ये. पूर्वी तिथं आंब्याच्या पेट्या भरत, त्यामुळं भिंतींना अजून पेंढ्याचा आणि पिकल्या हापूसचा वास होता. समोरच्या भिंतीवर फणसाच्या लाकडाचा साधा क्रूस. शांतवन पाळक बोलायला उभे राहिले की निम्म्यात धागा हरवायचे. खोकायचे, चष्मा पुसायचे, "तर काय सांगत होतो मी" असं समोरच्यांनाच विचारायचे. पण कोण आजारी, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाचा मुलगा रागावून निघून गेला, हे त्यांना सांगावं लागत नसे. सायकल घेऊन ते दारात हजर असत.

त्या शेडमध्ये डोळे मिटले की दमयंतीला एकच दिसायचं. ओली वाळू, ओहोटीचं लांब सरलेलं पाणी, आणि पुढं चाललेला एक माणूस. तिच्याकडं पाठ. तो घाई करत नसे, थांबतही नसे. ती मागून चालायची आणि मनातलं सगळं त्या पाठीला सांगायची. त्याचा चेहरा तिनं कधी पाहिला नाही. पाहावासाही वाटला नाही. तो पुढं आहे, एवढं पुरे होतं.

शांतवन पाळक गेले आणि मंडळी पोरकी झाली. काही रविवार लोक आले, एकमेकांकडं बघत बसले, गाणी म्हणून घरी गेले. तेव्हा विनीतनं सूत्रं हाती घेतली. बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, काही वर्षं मुंबईत काढून आलेला, बोलायला गोड आणि मनानं खरोखर चांगला. त्यानं एका रविवारी क्रूसाच्या पुढं पांढरा पडदा सोडला आणि त्या पडद्यावर पास्टर यशोदीप आले.

मुंबईतल्या एका मोठ्या मंडळीचे हे पास्टर. हजारो लोकांचं सभागृह, निळं जाकीट, बिनचौकटीच्या काचांचा नाजूक चष्मा, कोरलेली दाढी. आणि आवाज असा, की जणू प्रत्येकाच्या कानाशी वेगळा बोलतोय. शेडमधल्या लोकांनी असं काही आयुष्यात ऐकलं नव्हतं. बायका रडल्या. पुरुष हात वर करून उभे राहिले. पुढच्या रविवारी दुप्पट माणसं आली, आणि मग शेडला रंग लागला, पंखे लागले. पास्टरांचा फोटो असलेली कॅलेंडरं घरोघर गेली. रिक्षांच्या काचांवर ते हसू लागले. कुणाचं भांडण सुटलं तर "पास्टरांमुळं", ताप उतरला तर "पास्टरांनी हात केला ना कॅमेऱ्याकडं, तेव्हाच." क्रूस पडद्यामागं होता, हे हळूहळू कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

दमयंतीलाही ते आवडलं. खोटं कशाला सांगा, सगळ्यांपेक्षा जास्त आवडलं. कानात वायर घालून ती पाटी घेऊन फिरायची आणि पास्टरांचा आवाज तिच्या डोक्यातून खाडीच्या वाऱ्यासारखा वाहत राहायचा. आता तर गिऱ्हाइकांची हाकही ऐकू येईना.

एका दुपारी मासे विकून आल्यावर ओटीवर तिचा डोळा लागला. स्वप्नात तीच ओली वाळू. तोच माणूस पुढं. पण या खेपेस तो थांबला आणि सावकाश मागं वळला. चेहरा पास्टर यशोदीपांचा होता. तोच चष्मा, तीच दाढी, तेच हसू. ती जागी झाली तेव्हा तिच्या अंगावर आनंदानं काटा होता.

रविवारी तिनं साक्ष दिली. पुढं उभं राहून, पदर मुठीत धरून, स्वप्न सांगितलं. शेडमध्ये टाळ्या थांबेनात. विनीतनं मोबाइलवर ते टिपलं आणि मुंबईला पाठवलं, आणि काही दिवसांनी मुंबईच्या त्या सभागृहातल्या भल्यामोठ्या पडद्यावर मांडवीची दमयंती बोलत होती. ती "स्वप्नवाल्या ताई" झाली. पालीहून, गुहागरहून, कुठून कुठून लोक शेडमध्ये येऊन तिला विचारायचे, "वळले तेव्हा तुमच्याकडंच बघत होते का हो?"

त्यानंतर मात्र ती पाठ पुन्हा दिसली नाही. डोळे मिटले की समोर चेहरा. ती चार पावलं मागं सरायची, तो जवळच. तांदूळ निवडताना, बसमध्ये, प्रार्थनेत, सगळीकडं. पुढं एकदा वादळाची बातमी आली. गुणाजीचा टग बाहेर होता आणि फोन लागत नव्हता. दमयंती भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटून मागायला लागली. समोर पास्टर हसत होते. ती रडायला लागली. ते हसतच होते, कॅलेंडरवर हसतात तसेच, पानभर. त्या हसण्यात काही हाललं नाही. तिनं डोळे उघडले आणि पहिल्यांदाच तिला भीती वाटली. वादळाची नव्हे, या हसण्याची.

संध्याकाळी गुणाजीचा फोन आला. तो सुखरूप होता. पण ती भीती गेली नाही.

ती पाळकीणबाईकडं गेली. म्हातारीचे गुडघे पार गेले होते. शेडमध्ये आता सगळे सतरंजीवर दाटीवाटीनं बसत, तिला खाली बसता येत नसे, म्हणून तिनं येणं सोडलं होतं. ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दमयंतीच्याही नाही, आणि हे तिला म्हातारीच्या दारात उभं राहिल्यावर कळलं.

तिनं सगळं सांगितलं. पाळकीणबाई ऐकत राहिली, मग म्हणाली, "मला तर माज्या म्हाताऱ्याचा चेहरापण आता नीट आठवत नाय गो. खोकला तेवढा आठवतो."

"मग मी काय करू?"

"मला काय म्हायत? चा ठेव."

दोघींनी चहा घेतला. खाडीवरून एक होडी इंजिन बंद करून नुसती वाहत गेली.

त्याच थंडीत पास्टर यशोदीप रत्नागिरीला आले. मैदानावर मांडव, भोंगे, चारी रस्त्यांवर फलक. सभेआधी त्यांना शेडमध्ये थोडा विसावा घ्यायचा होता. विनीतनं लग्नाच्या मांडववाल्याकडून उंच पाठीची, मखमलीची लाल खुर्ची विकत आणून ठेवली, आणि वाढायचं काम साहजिकच स्वप्नवाल्या ताईंकडं आलं. सुरमई, तिसऱ्या, सोलकढी, घावन, सगळं तयार झालं.

पास्टर आत आले तेव्हा त्यांच्याबरोबर पंधरावीस माणसं होती. कोणी त्यांचा हात सोडेना. त्यांनी घोगऱ्या आवाजात विनंती केली, "जरा वेळ मला एकट्याला बसू द्या," आणि सगळे पाठमोरे न होता मागं मागं चालत बाहेर गेले. दमयंती ताट घेऊन उभी होती. पास्टर खुर्चीत बसले आणि ताटाकडं बघून त्यांनी पोटावर हात ठेवला.

"ताई, रागावू नका. यातलं काही मला झेपणार नाही. पोट जळतं सारखं."

"पेज देऊ? आमच्यासाठी केलेली हाय. उकड्या तांदळाची."

तिनं वाडग्यात पेज आणली, वर मीठ आणि लोणच्याची फोड. ते हळूहळू प्यायले. जवळून बघितलं तर डोळ्यांखाली काळं होतं, आणि पावडरीच्या खाली कातडी कोरडी पडली होती. पडद्यावर ते मोठे दिसत. खुर्चीत ते लहान वाटत होते.

"तुमचं स्वप्न मी ऐकलंय," ते म्हणाले. "त्यात मी काय बोललो?"

"काय नाय. नुसते हसत होतात."

ते वाडग्यात बघत राहिले. "घरी मी एवढा हसत नाही," ते म्हणाले. मग, "ताई, माझ्यासाठी प्रार्थना कराल? मला कोणी विचारतच नाही, काय हवंय ते. सगळे मागायलाच येतात."

दमयंती घोटाळली. तिला खोटं बोलता येत नव्हतं.

"पास्टर, मी डोळे मिटले की तुमीच दिसता. तुमच्यासाठी तुमच्याकडंच कसं मागू?"

बाहेर भोंग्यावर गाणं सुरू झालं होतं. पास्टरांनी वाडगं खाली ठेवलं. ते म्हणाले, "मग डोळे उघडे ठेवून मागा."

तसं तिनं केलं. समोर बसलेल्या माणसाकडं बघत, त्याच्या दाढीला लागलेल्या पेजेकडं बघत, ती बोलली. याचं पोट शांत होऊ दे. याला झोप लागू दे. याला कुणीतरी घरच्यासारखं रागवू दे. एवढंच तिला सुचलं. तिचं संपलं तेव्हा पास्टर डोळे मिटून बसले होते, आणि विनीत दारावर टकटक करत होता.

सभेत पास्टर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडं बघू नका. मी तुमच्यासारखाच आजारी माणूस आहे. मला बाजूला करा, आणि ज्याच्या मागं जायचं त्याच्या मागं जा."

मैदान टाळ्यांनी फुटायला आलं. "काय नम्रता आहे बघा," दमयंतीच्या शेजारची गंगुबाई डोळे पुसत म्हणाली. ते वाक्य दुसऱ्याच दिवशी पास्टरांच्या फोटोखाली छापून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं.

पास्टर मुंबईला परत गेले. खुर्ची राहिली. विनीतनं ती पडद्याच्या बाजूला ठेवून तिच्यावर जाळीदार पांढरं कापड घातलं. लोक आत येताना तिच्या हाताला हात लावू लागले. एकीनं तापलेलं बाळ आणून तिच्या पायाशी ठेवलं. कोणी कोणाला असं करायला सांगितलं नव्हतं, ते आपोआप होत गेलं, शेवाळ धरतं तसं.

नाताळच्या दिवशी दमयंती पाळकीणबाईला रिक्षानं शेडमध्ये घेऊन आली. एका हातात काठी, दुसरा हात दमयंतीच्या खांद्यावर. सतरंज्या गच्च भरलेल्या. लोकांनी वाट दिली, काहींनी "जय ख्रिस्त, बाई" म्हटलं, आणि म्हातारी मध्येच उभी राहिली. तिला खाली बसता येईना, उभं राहवेना. दमयंतीनं इकडंतिकडं पाहिलं. मग ती पुढं गेली, पांढरं कापड उचलून घडी घातली, आणि म्हातारीला खुर्चीत बसवलं.

विनीत लगबगीनं आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दमयंतीताई, ती नको. मी दुकानातनं दुसरी आणतो, पाच मिनिटात."

"ही काय वाईट हाय?"

"तसं नाही. ती पास्टरांची आहे. लोकांच्या भावना आहेत."

"त्यांना गुडघे दुखणारी बाई दिसली असती तर ते उठले असते, विनीत. मी त्यांना बघितलंय. पेज पितात ते."

मागून गंगुबाई म्हणाली, "तुला स्वप्न पडलं म्हणून तू काय पण करशील?" आणखी दोघंतिघं काहीबाही बोलली. पाळकीणबाईनं मान वर करून सगळ्यांकडं पाहिलं, काठी मांडीवर आडवी ठेवली, मखमलीत मागं रेलली, आणि पडद्यावर पास्टरांचा नाताळचा संदेश सुरू होईपर्यंत तिला झोप लागली. तोंड थोडं उघडं, हलकं घोरणं. पास्टर पडद्यावरून बोलत होते आणि त्यांच्या शेजारी म्हातारी झोपली होती. तिला उठवायला कोणी धजलं नाही. काही लोक उठून गेले. मागच्या रांगेत मनस्वी नावाची एक मुलगी तोंडाला ओढणी लावून हसत होती, आणि मग तिच्या आजूबाजूचेही हसले.

त्यानंतर दमयंतीला साक्षीला बोलवणं बंद झालं. तिच्या स्वप्नाची चित्रफीत कुठं दिसेनाशी झाली. काही घरांनी तिच्याकडून मासे घेणंही सोडलं. तिला वाईट वाटलं, पण तितकंसं नाही. ती रविवारी शेडमध्ये जायची, खिडकीशी बसायची, आणि दुपारी पाळकीणबाईकडं. तो चेहरा लगेच गेला नाही. उन्हात टांगलेल्या कॅलेंडरसारखा तो दिवसेंदिवस फिका होत गेला, आधी जाकिटाचा निळा रंग, मग चष्मा, शेवटी ते हसू. त्याच्या जागी काही आलं नाही. नुसता राखी उजेड, सकाळी मिरकरवाड्याला होड्या परत येण्याआधी असतो तसा. त्या उजेडात ती बोलायची. कुणी ऐकतंय असं तिला वाटायचं, आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

उन्हाळा लागला तेव्हा पास्टर यशोदीपांनी प्रकृतीमुळं काही महिने रजा घेतल्याची बातमी आली. मुंबईहून जुनीच भाषणं पाठवू लागले. शेडमधली गर्दी महिनाभरात विरली, काही लोक दुसऱ्या एका पास्टरांचा कार्यक्रम घरीच बघू लागले. एका रविवारी जेमतेम मूठभर माणसं उरली. उपासनेनंतर विनीत दमयंतीजवळ येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, संध्या कुठं असते? तुमच्या शेजारी बसायची ती. बरेच रविवार आली नाही. तिचा फोन बंद येतोय."

दमयंतीनं आठवून पाहिलं. संध्या. पातळ वेणीची, हळू आवाजाची. दोन वर्षं खांद्याला खांदा लावून बसली होती आणि दोघी समोर पडद्याकडं बघत होत्या.

"पालीला कुठंतरी," ती म्हणाली. "घर मला पण म्हायत नाय."

"मलाही नाही," विनीत म्हणाला. "मी तिचा नंबर सेव्ह केलाय, घर विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पालीच्या एस.टी.त बसले. दमयंतीनं पाटी घरीच ठेवली होती, हात मोकळे कुठं ठेवावेत ते तिला सुचत नव्हतं. खिडकीतून काजूच्या बागा, जांभ्या दगडाच्या खाणी, लाल धूळ मागं मागं जात होती आणि तिला तंद्री लागत होती, पण विनीत सारखं काहीतरी विचारत होता, शांतवन पाळक असं लोकांकडं कसे जायचे, जाऊन काय बोलायचे. "काय बोलायचे नायत फारसं," ती म्हणाली. "चा प्यायचे."

पालीच्या बाजारात त्यांनी किराणावाल्याला विचारलं, मग एका शिंपिणीला, मग पाण्याच्या टाकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला. त्यानं गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, कडेनं जाणाऱ्या वाटेकडं बोट केलं. वाट चढाची होती. वर कौलारू घर, अंगणात आमसुलं वाळत घातलेली, आणि उंबऱ्यात संध्या, पायाला प्लॅस्टर. पावसाळ्यासाठी लाकडं रचताना माळ्यावरून पडली होती म्हणे.

तिनं दोघांना बघितलं आणि आधी ओळखलंच नाही. पडद्याच्या उजेडात पाहिलेली माणसं उन्हात वेगळी दिसत असावीत. मग म्हणाली, "तुमी? इतक्या लांब? कोणी पाठवलं का?"

"नाय गो," दमयंती म्हणाली. "आमीच आलो."

संध्या काठी शोधायला लागली, चहा टाकायला. दमयंतीनं तिला खाली बसवलं आणि स्वतः चुलीपाशी गेली. डबे कुठं आहेत ते तिला ठाऊक नव्हतं, संध्या उंबऱ्यातून सांगत राहिली, साखर डाव्या हाताला, आलं खिडकीत. विनीत अंगणात बसून आमसुलांवरच्या माशा वारत होता. परतीची एस.टी. दुपारी उशिरा होती.